सामना सुटतो तेव्हा

खेळाचे मैदान आणि आगगाडीचे स्थानक मुंबईत जितके शेजारी-शेजारी आहेत, तितके ते आपल्या देशात क्वचितच कोठे असतील. चर्चगेटहून सुटलेली लोकल मरीन लाइन्सला पोहोचण्यापूर्वीच डाव्या हाताला वानखेडे मैदान दिसू लागते. १९३७ साली उभारलेले ब्रेबर्न मैदानही चर्चगेटपासून हाकेच्या अंतरावर आहे. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिला कसोटी सामना झाला. तेव्हापासून मोठ्या सामन्याच्या दिवशी पश्चिम रेल्वेला दोन कामे एकदम करावी लागत आली आहेत: रोजच्या चाकरमान्याला घरी पोहोचविणे, आणि त्याच गाडीत हजारो प्रेक्षकांना जागा देणे.

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्या मराठी माणसाला वाटेल की, मुंबईच्या लोकलची ही कथा आम्हांस कशाला? परंतु भारतीय रेल्वेला रूळ पुरविणारा प्रमुख कारखाना त्याच्याच गावचा आहे; आणि रूळ टाकून झाले म्हणजे माणसे पोहोचविण्याचे काम संपत नाही, हे त्याच्याइतके इतरांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे. शिवाय मोठे सामने आता केवळ मुंबई-कलकत्त्याचे राहिलेले नाहीत. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

गर्दी झाली की आपल्या तोंडी पहिली मागणी येते ती जादा गाड्यांची. ती चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. थोडा हिशेब करून पाहू. वानखेडेवर सुमारे ३३,००० प्रेक्षक बसतात. ते सारेच लोकलने घरी निघाले असे क्षणभर मानू, आणि बारा डब्यांच्या एका गाडीत बावीसशे माणसे जरा सुसह्यपणे जातील असे धरू. म्हणजे पंधरा गाड्या पुरतात. भर गर्दीच्या वेळी चर्चगेटहून दर तीन-चार मिनिटांस गाडी सुटते. तेव्हा हे काम तासाभराचे आहे. जी रेल्वे एरवी रोज लाखो माणसांची ने-आण करते, तिला तेहतीस हजारांचे ओझे अवजड नाही. मग अडते कोठे?

अडते ते जिन्यावर. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगो शहरातील आयब्रॉक्स मैदानावर फुटबॉलचा सामना संपला. भुयारी रेल्वेच्या स्थानकाकडे जाण्यास सर्वांत जवळचा असा जो तेरा क्रमांकाचा जिना होता, त्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे दगावली. सामना शांतपणे पार पडला होता. माणसे घरी निघाली होती, एवढेच. या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये क्रीडागारांच्या सुरक्षिततेसाठी एक मार्गदर्शिका तयार झाली. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत असे प्रमाण दिले आहे की, एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला फार तर ८२ माणसे जावीत, आणि तेवढ्याच रुंदीच्या जिन्यावरून ६६.

हे प्रमाण आपल्या लोकलला लावून पाहा. तीन मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला सुमारे दोनशे माणसे उतरतील. बावीसशे उतारूंची एक गाडी रिकामी झाली, तर त्या जिन्याला ती माणसे बाहेर काढण्यास अकरा मिनिटे लागतील. आणि तेवढ्या वेळात मागून आणखी दोन-तीन गाड्या येऊन उभ्या राहतील. म्हणजे जिना तोच ठेवून गाड्या वाढविल्या, तर आपण गर्दी कमी न करता ती फलाटावर आणून ओततो. चर्चगेटचे एक भाग्य असे की, ते शेवटचे स्थानक असल्यामुळे तेथील फलाटांवरून सपाटीनेच बाहेर पडता येते. मधल्या स्थानकांना ही सोय नाही.

याची किंमत मुंबईने मोजलेली आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ जणांचा बळी गेला. त्या दिवशी ना सामना होता, ना मिरवणूक. पाऊस कोसळत होता, भिजू नये म्हणून माणसे पुलावर थबकली होती, आणि खाली गाड्या नित्याप्रमाणे येत होत्या. पुढे लष्कराच्या मदतीने तेथे नवा पूल उभारण्यात आला आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. रोजच्या गर्दीत जे घडू शकते, ते सामन्याच्या दिवशी घडणार नाही असे कोणी म्हणावे?

४ जुलै २०२४ ची संध्याकाळ पुष्कळांना आठवत असेल. बार्बाडोसला विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून वानखेडेकडे निघाली होती. वार गुरुवार, वेळ कचेऱ्या सुटण्याची. पोलिसांना लोकांस त्या बाजूला न येण्याची विनंती करावी लागली. चर्चगेटकडे येणारा आनंदाचा लोंढा आणि चर्चगेटहून घरी जाऊ पाहणारा श्रमलेला लोंढा एकमेकांसमोर आले. अशा वेळी वर्तमानपत्रांत छायाचित्र येते ते पहिल्या लोंढ्याचे. पण रुग्णालयातील पाळी संपवून विरारला निघालेल्या परिचारिकेने मिरवणुकीचे निमंत्रण मागितले नव्हते, आणि तिच्या पासाचे पैसे मात्र तिने भरलेले होते. तिची गाडी तिला मिळणे हा तिचा हक्क आहे. मला या विषयाचे मर्म येथे वाटते. उत्सवाची व्यवस्था करताना, उत्सवात नसलेल्या माणसाचा विचार प्रथम झाला पाहिजे.

दुसरी अडचण काळाची. माणसे मैदानाकडे येतात ती तीन-चार तासांत विखरून. परतताना मात्र पंधरा-वीस मिनिटांत एकदम उठतात. आणि उठण्याची वेळ कोणाच्या हाती नसते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत नेरूळच्या मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला, आणि भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून चषक जिंकला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी सोमवार. दुपारी तीनचा सामना गृहीत धरून आखलेले कोणतेही वेळापत्रक अशा रात्री उपयोगी पडत नाही. कारण शेवटची लोकल पावसासाठी थांबत नाही.

सिडनी येथे २००० साली ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा प्रेक्षकांच्या तिकिटातच आगगाडीचे भाडे धरलेले होते. क्रीडानगरीतील स्थानक मुळातच तासाला ५०,००० उतारूंचा विचार करून बांधलेले होते. तेथे गाडीच्या एका बाजूने उतरायचे आणि दुसऱ्या बाजूने चढायचे, म्हणजे उतरणारा आणि चढणारा यांची दारात झटापट होत नाही. सामन्याचे तिकीट विकतानाच कोण कोठून कशाने येणार याचा विचार झालेला होता. आपल्याकडे बहुधा तिकीट विकणारा एक, गाडी सोडणारा दुसरा, आणि शिट्टी वाजविणारा तिसरा.

आम्हां सरकारी नोकरांच्या भाषेत ‘समन्वय’ हा शब्द फार लाडका आहे. पण मैदानाचे दरवाजे क्रिकेट संघटनेकडे, बाहेरचा रस्ता शहर पोलिसांकडे, पदपथ महानगरपालिकेकडे, बस ‘बेस्ट’कडे, आणि स्थानकाची पायरी चढली की लोहमार्ग पोलीस व रेल्वे सुरक्षा दल. काही शे पावलांत इतक्या हद्दी! गर्दीला त्यांतली एकही दिसत नाही. म्हणून बैठकीच्या इतिवृत्तापेक्षा अधिक मोलाची गोष्ट अशी की, फलाट भरला तर स्थानकाबाहेरची रांग थांबविण्याचा अधिकार कोणा एका अधिकाऱ्याला आधीच दिलेला असावा, आणि त्याचा शब्द मैदानाच्या दरवाज्यापर्यंत तत्काळ पोहोचावा. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या क्रिकेट मैदानाबाहेर विजयोत्सवात अकरा जण चेंगरून मेले. गर्दी आवरण्याचा निर्णय गर्दी जमल्यावर घेता येत नाही, हे त्या दिवशी पुन्हा दिसले.

आपल्याला हे जमत नाही असे मात्र नाही. दर जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनसाठी मध्य व पश्चिम रेल्वे भल्या पहाटे खास लोकल सोडतात, आणि हजारो धावपटू वेळेवर पोहोचतात. तेथे वेळ ठरलेली असते, हे खरे. सामन्याची वेळ ठरलेली नसते. म्हणून एक-दोन रिकाम्या गाड्या रात्री सज्ज ठेवाव्यात, आणि सामना संपताच त्या सोडाव्यात. मैदानातील ध्वनिक्षेपकावर पुढच्या गाड्यांच्या वेळा सांगाव्यात. गाडी आहे अशी खात्री पटली की माणूस धावत नाही. बक्षीससमारंभ पाहून, चहा पिऊन, सावकाश निघतो. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावू लागलेल्या भुयारी मेट्रोमुळे चर्चगेटला दुसरी वाटही मिळाली आहे. निम्म्या प्रेक्षकांना ती दाखविणारे फलक तेवढे हवेत.

आता भिलाईकडे. २१ जानेवारी २०२३ रोजी नवा रायपूरच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात तेथील पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. दुर्ग-भिलाईहून रायपूरला आगगाडीने सहज जाता येते. पण रायपूरचे स्थानक आणि ते मैदान यांत कित्येक किलोमीटरचा रस्ता आहे. ३० मार्च २०२५ पासून रायपूर-अभनपूर गाडी नवा रायपूरमार्गे धावू लागली आहे. मुंबईत मैदान आणि स्थानक दोन्ही जुने, जागा चिंचोळी. तेथे चुका दुरुस्त करणे महाग पडते. नव्या नगरात जागा आहे, रूळही आहेत. तेव्हा स्थानकापासून मैदानाच्या दरवाज्यापर्यंतची वाट किती रुंद असावी, हे पुढच्या मोठ्या सामन्याची तिकिटे विक्रीला येण्यापूर्वीच तेथील अधिकाऱ्यांनी मोजून ठेवावे. त्यासाठी मोजपट्टी आणि एक दुपार पुरेल.