अ‍ॅक्सोलॉटलच्या ताटात गांडूळ

आपल्या वर्ध्याच्या रानात सॅलॅमँडर नाही. भारतात तो दार्जिलिंग, सिक्कीमसारख्या पूर्वेकडच्या डोंगरांत राहतो. पण मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलॅमँडर हल्ली हौसेने पाळला जातो, आणि रोजचं खाणं बदललं की हा गडी तोंड फिरवतो.

पिल्लाला वळवळणारं तेवढंच अन्न वाटतं. मोठ्याला मात्र नाकाने वास घेऊन, समोरची हालचाल टिपून भक्ष्य कळतं. गांडूळ द्यायचं तर बारीक तुकडा प्लॅस्टिकच्या चिमट्यात धरा, संध्याकाळी, दिवा मंद करून, आणि थुंतरीसमोर हलकेच हलवा. तोंड झपकन उघडतं, पाण्यासकट तुकडा आत. थुंकला तर लगेच पुन्हा कोंबू नका. दोन दिवसांनी बघा. मोठा, धडधाकट प्राणी तेवढ्याने खंगत नाही.

गांडूळखताच्या टाक्यातली लाल गांडुळं सहज मिळतात, पण डिवचल्यावर ती कडवट पिवळा द्रव सोडतात, म्हणून बरेचदा नाकारली जातात. मातीतली साधी गांडुळं बरी. कपाशीच्या फवारलेल्या वावरातली मात्र मुळीच नकोत.

खरी अडचण आपल्या उन्हाची. त्याला सोळा-अठरा अंशांचं पाणी मानवतं. पाणी तापलं की भूकच मरते. मे महिन्यात पाणी थंड ठेवायची सोय नसेल, तर माझ्या मते तो पाळूच नये.

पाळलाच असेल, तर असे परदेशी प्राणी पाळण्याबाबतच्या २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा, आणि कंटाळा आला म्हणून धाम नदीत सोडू नका.