कोतवाल बुकातली ती मुलगी कोण?

आम्ही नवी मुंबईच्या गावांमधल्या बचत गटांचं काम बघतो. कर्ज, हप्ते, पासबुक हे नेहमीचंच. पण बायका आमच्याकडे आणखी एक पिशवी घेऊन येतात. आत पिवळे पडलेले कागद, आणि प्रश्न एकच असतो, "ताई, मी आजोबांची नात आहे हे दाखवायचं कसं?"

हा प्रश्न इथं का येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. 1970 साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढं साडेबारा टक्के योजना आली. भूखंड ज्याची जमीन गेली त्याच्या नावानं, तो वारला असेल तर त्याच्या वारसांना. वारस कोण, हे कागदानं ठरतं. आणि कागदात बाई सापडता सापडत नाही.

जुना सातबारा काढा. बाप गेल्यावर थोरल्या भावाचं नाव लागलेलं असतं, पुढं लिहिलेलं असतं "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बहिणींचा पत्ताच नाही. पण एवढ्यानं भाऊ एकटा मालक होत नाही, तो सगळ्यांच्या वतीनं नाव लावून बसलेला असतो. सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो. त्या नंबराचा फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, आणि वारसांची नोंदवही, गाव नमुना 6-क, यांच्या नकला मागा. कधी कधी सगळी भावंडं तिथं लिहिलेली असतात.

तिथंही नाही मिळालं, तर जन्म-मृत्यूची जुनी वही. तिला कोतवाल बुक म्हणतात, कागदोपत्री जुना गाव नमुना 14. ही वही बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. जुनी पानं मोडीत असतात, मोडी वाचणारा शोधावा लागतो. पनवेल-उरणच्या बायांनी एक ध्यानात ठेवा, तुमच्या जुन्या कागदावर जिल्हा रायगड नसेल, कुलाबा असेल. नाव 1981 साली बदललं.

आता खरी अडचण. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते, म्हणून पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात, तारीख, आणि पुढं नुसतं "मुलगी". चार बहिणी असतील तर ही कुठली? मग शाळेचा दाखला, भावंडांच्या जन्मतारखा असं जुळवत बसायचं. आणि लग्नात आपलं नाव बदललेलं! माहेरची बारकी सासरी सुनंदा झाली. दोघी एकच, हे सांगायला प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जमल्यास राजपत्रातली नोंद. नाव बदलायची हौस कुणाची, आणि हेलपाटे कुणाला!

हे आपल्याच वाट्याला आलंय असं नाही. इंग्लंडात क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. ते बाळाचा बाप्तिस्मा करत नसत, म्हणून चर्चच्या वहीत त्यांची नावं येत नसत. त्यांनी आपल्या जन्म-मृत्यूच्या वह्या स्वतः ठेवल्या. त्यांची काही घराणी सतराव्या शतकात अमेरिकेतल्या वसाहतींत गेली. आज त्यांचे वंशज घराण्याचा शोध घेतात तेव्हा वहीतली मुलगी लग्नानंतर दिसेनाशी होते, आणि पुष्कळदा बापाच्या मृत्युपत्रात नवऱ्याच्या आडनावानं पुन्हा भेटते.

आपल्याकडंही मृत्युपत्र बघायला विसरू नका. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. नोंदणी झालेली असेल तर करणारा वारल्यावर त्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात कुणालाही मागता येते. "आजोबांनी सगळं आम्हाला लिहून दिलंय" असं कुणी म्हणालं, तर भांडू नका, नक्कल मागा.

वारस दाखला दिवाणी न्यायालय देतं. गंमत बघा, तो आजही 1827 सालच्या, कंपनी सरकारच्या मुंबई विनियमाखाली मिळतो. हरकतींसाठी जाहीर नोटीस निघते. ती नोटीस आपण वाचत नाही, आणि आपल्याला वगळून दाखला निघून जातो. गावात कुणाचा अर्ज पडलाय, याची चौकशी ठेवा.

लेकीचा हक्क आहे का, असं अजून विचारतात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, विधवा, आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीनं लेकीला जन्मानं हक्क दिला. 2005 साली बाप हयात नव्हता म्हणून तो बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेलं वाटप मात्र मोडत नाही.

हक्कसोड पत्रावर सही करायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माहेर तुटेल ही भीती आम्हाला कळते, आमच्यातल्याही काही जणींनी सही केली आहे. पण वाचून घ्या, कुठल्या गटाची किती जमीन आणि कुठला भूखंड ते बघा. "नुसती सही कर, बाकी कोरं राहू दे" असं कुणी म्हणालं तर पेन खाली ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना आजोबांचं पूर्ण नाव, गाव, आणि सातबाऱ्याचा जुना सर्व्हे नंबर लिहून आणा. अर्ज तिथंच बसून लिहू. अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.