कुंडी केव्हा बदलावी?

मंडळी, मी काही शेतकीचा माणूस नव्हे; कॉलेजात इतिहास शिकवतो. पण कागदी लिंबाचं एक रोप माझ्या हातून मेलं, म्हणून बोलतो.

वीतभर रोप. पुन्हा पुन्हा कशाला हलवा, म्हणून मी ते एकदम पिंपातच लावलं. मुळं मूठभर, माती चार पाट्या! एवढं पाणी त्यांना ओढवेना. माती ओलीच राहिली, मुळं कुजली. पानं पिवळी पडली, तेव्हा तहान लागली असेल म्हणून मी आणखी पाणी घातलं!

तेव्हा नवी कुंडी दोन-तीन बोटंच रुंद घ्यावी. केव्हा, ते रोपच सांगतं. सकाळी पाणी घालूनही दुपारी मान टाकतं, तळाच्या भोकातून मुळं डोकावतात. तरी शंका असेल तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा हलकेच बाहेर काढा. मुळांची चुंबळ झाली असेल तर ती बोटांनी सैल करून रोप हलवा. माती सुटून पडू लागली तर अजून वेळ आहे. गुरुजी, हा गोळा मुलांना जरूर दाखवा. हलवायला पावसाळ्याची सुरुवात आणि संध्याकाळची वेळ बरी. फुलावर आलेलं रोप मात्र तेवढ्यात हलवू नका.