मोबाईलचा खर्च वहीत मांडा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून बियाणे झाले, खत झाले, हमीभावावर तर दोन तास गेले. आता आमच्या वाट्याला आलेला विषय ऐकून मागच्या रांगेतले काहीजण हसले. मोबाईलचा रिचार्ज हा काय शेतकऱ्याच्या बैठकीत बोलायचा विषय झाला? हसा, हरकत नाही. हसून झाले की एक हिशेब करू.

२०२५ च्या हंगामात बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत ८६४ वरून ९०१ रुपये झाली. सदतीस रुपयांची वाढ. कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर, पारावर, एसटीत, सगळीकडे त्याची चर्चा झाली, आणि व्हायलाच पाहिजे होती. पाच एकर कोरडवाहू कपाशी धरा. कोणी एकरी एक पाकीट लावतो, कोणी दोन. आपण दोनच धरू. दहा पाकिटांवर वाढ झाली ३७० रुपये.

आता दुसरी वाढ पाहा. २०२४ च्या जुलैत तिन्ही खाजगी मोबाईल कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतरात दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा पॅक २३९ चा २९९ झाला. साठ रुपये. आता वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांचे रिचार्ज वर्षात बसतात तेरा. साठ तेरी ७८०. एका फोनवर ७८०, आणि घरात तीन फोन असतील तर २,३४० रुपये. पाकिटांच्या वाढीच्या सहापट! ती वाढ आपण बघितलीसुद्धा नाही. दुकानदाराने सांगितले "आता दोनशे नव्व्याण्णव", आपण खिशात हात घातला.

ही रक्कम डोळ्यांत का येत नाही? कारण ती सुटी जाते. खताची गोणी एकदम घ्यावी लागते, डोक्यावर वागवावी लागते, तिचा भाव आपल्याला पाठ असतो. रिचार्ज दोनशे-तीनशेच्या तुकड्याने जातो, आणि आपल्या वहीत त्याला रकाना नाही. आम्ही शेतकी कॉलेजात उत्पादन खर्चाचे तक्ते शिकलो, त्यात बैलजोडीचे दिवस होते, शेणखताच्या गाड्या होत्या, औजारांची घसारा होती. मोबाईल नव्हता, कारण तेव्हा तो शेतात नव्हता. आता आहे. म्हणून पहिली विनंती अशी, की आज घरी गेल्यावर वहीत एक नवा रकाना आखा.

तो रकाना भरला की काय दिसते? २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव आहे ३,६९९ रुपये क्विंटल. एक फोन वर्षाला एक क्विंटल ज्वारी खातो आणि वर १८८ रुपये मागतो. तेही हमीभाव हातात पडला तर. तीन फोनांचे ११,६६१ रुपये. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१०. म्हणजे दीड क्विंटलपेक्षा जास्त कापूस. तो पेरला कोणी, डवरला कोणी, वेचला कोणी, आणि गेला कुठे?

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रिचार्जच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. ११,६६१ मध्ये सुमारे १,७८० रुपये कराचे. व्यापारी आपल्या धंद्याच्या फोनवरचा कर त्याच्या करातून वळता करून घेऊ शकतो. शेतकरी त्या साखळीच्या बाहेर, त्याला वळते करायला जागाच नाही. तो पुरता भरतो.

कोणी म्हणेल, मग मोबाईल टाकून द्या. असे बोलणाऱ्याने अलीकडे शेती केलेली नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर करावी लागते. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, असा हुकूम आला. पीएम किसानचे ओटीपी, बँकेचे ओटीपी. सरकारनेच फोन हे शेतीचे औजार करून ठेवले, आणि औजाराचा खर्च मात्र आपल्या अंगावर. डिझेलसारखाच हा खर्च टाळता येत नाही. पण डिझेल आपण मापून घेतो.

थोडे मागे जाऊ. भारतात मोबाईलवरचा पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेला फोन उचलायचेही पैसे पडत. येणारे फोन फुकट झाले २००३ साली. मग कंपन्या वाढल्या, भाव पडत गेले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली आणि डेटा मातीमोल झाला. त्या लढाईत बाकीच्या कंपन्या एकेक करून बुडाल्या किंवा दुसऱ्यांत मिसळल्या. २०१८ साली व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. उरल्या तीन खाजगी आणि एक सरकारी. आणि मग? २०१९ च्या डिसेंबरात वाढ, २०२१ च्या अखेरीस वाढ, २०२४ च्या जुलैत वाढ.

हे गणित आपल्याला नवे नाही. यार्डात दहा खरेदीदार असले की लिलावात बोली चढते. तिघेच उरले की भाव त्यांच्या खिशातून निघतो. तिथे आपण विकणारे असतो, इथे घेणारे, एवढाच फरक.

पण तिथे नसलेले एक हत्यार इथे आपल्या हातात आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. २०२४ च्या त्याच जुलैत सरकारी बीएसएनएलने दर वाढवले नाहीत. त्या एका महिन्यात तिचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले आणि तिन्ही खाजगी कंपन्यांचे घटले. पुढे रेंज नीट मिळेना म्हणून त्यातले बरेच परतले, हेही खरे. परंतु ग्राहक उठून जाऊ शकतो, ही गोष्ट कंपन्यांना कळली.

दुसरी घटना तुमच्या आमच्या जास्त कामाची. २३ डिसेंबर २०२४ रोजी दूरसंचार नियामकाने, म्हणजे 'ट्राय'ने, नियम बदलला: फक्त बोलणे आणि एसएमएस, डेटा नाही, असा किमान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. २०२५ च्या जानेवारीत असे पॅक आले. जिओने ८४ दिवसांना ४५८ लावले, एअरटेलने ४९९. ओरड झाली, नियामकाने तपासणी करू म्हटले, आणि काही दिवसांतच ४५८ चे ४४८ आणि ४९९ चे ४६९ झाले. एअरटेलचा वर्षाचा पॅक १,९५९ वरून १,८४९ वर आला. हे दर त्या वेळचे. आजचा भाव दुकानात विचारूनच घ्या. पण विचारा. हे पॅक आहेत हे सांगण्याची कंपनीला घाई नसते.

आता घरचा हिशेब मांडू. तीन फोन: एक शिकणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा, एक तुमचा, एक म्हाताऱ्या वडिलांचा. तिन्हींवर २९९ चा पॅक चालू आहे. वडिलांच्या फोनवर रोजचा दीड जीबी रात्री बारा वाजता वाया जातो, कारण फोन बटणाचा आहे. तुम्ही दिवसभर शेतात, संध्याकाळी दोन व्हिडिओ पाहता. फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याला किती डेटा जळाला ते लिहिलेले असते. मुलांना काढून दाखवायला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे.

आता असे करा. मुलीच्या फोनवर डेटा ठेवा, पण २८ दिवसांऐवजी ८४ दिवसांचा पॅक घ्या. २०२४ च्या वाढीनंतर जिओचा दीड जीबीचा ८४ दिवसांचा पॅक ७९९ चा होता, म्हणजे वर्षाला सुमारे ३,४७२. तुमच्या आणि वडिलांच्या फोनवर फक्त बोलण्याचा ४४८ चा पॅक, वर्षाला प्रत्येकी सुमारे १,९४७. तिन्ही मिळून ७,३६६. आधी जात होते ११,६६१. वाचले ४,२९५. पीक पाहणी, नोंदणी, बाजारभाव जे पाहायचे ते घरी मुलीच्या फोनच्या हॉटस्पॉटवर पाहता येते. शेतात उभे राहून पीक पाहणीचा फोटो काढायचा त्या दिवशी तिचा फोन बरोबर न्या. मात्र काटकसर म्हणून तिचाच डेटा आधी कापायचा, हे आम्हाला मान्य नाही. कित्येक घरांत असेच होते, बापाचे रील चालू राहतात आणि पोरीचा अभ्यास बंद पडतो.

बटणाच्या फोनचे थोडे वेगळे आहे. जिओचे सिम जुन्या टूजी फोनमध्ये चालत नाही. त्यासाठी कंपनीने २०२३ च्या जुलैत ९९९ रुपयांचा जिओभारत फोन काढला, त्याचा २८ दिवसांचा पॅक १२३ रुपयांचा होता. तेराने गुणले तर १,५९९. म्हणजे बोलण्याच्या पॅकपेक्षाही कमी, पण तो पॅक त्याच फोनमध्ये चालतो, आणि फोनची किंमत वेगळी. वडिलांचा जुना फोन धड असेल तर नुसत्या पॅकसाठी नवा घेऊ नका.

वर्षाचा पॅक घ्यावा का, असे बरेच जण विचारतात. पैसा कधी हातात येतो ते पाहा. आपला पैसा दिवाळी ते संक्रांत, वेचणीच्या दिवसांत येतो. तेव्हा एकदम १,८४९ भरले तर वर्षभराची कटकट गेली. तोच पॅक जूनमध्ये, बियाणे-खताच्या तोंडावर, दुकानदाराकडून उधार-उसनवार करून घेतला तर वाचलेले पैसे व्याजात जातील. जूनमध्ये अडचण असेल तर ८४ दिवसांचा घ्या. आणि २८ दिवसांचाच परवडत असेल तर निदान ३० दिवसांचा किंवा दर महिन्याच्या त्याच तारखेचा पॅक मागा. तसा पॅक प्रत्येक कंपनीने ठेवावा असा नियामकाचा २०२२ सालचा आदेश आहे.

कंपनी बदलायची असेल तर घाई नको. स्वस्त पॅक आणि शेतात रेंज नाही, याला काय करायचे? शेजाऱ्याचे त्या कंपनीचे सिम तासभर मागून घ्या, आपल्या फोनमध्ये घाला. घरात, विहिरीवर, बाजाराच्या गावात, तिन्ही ठिकाणी फोन लावून पाहा. लागला तरच पुढे जा.

पद्धत सोपी आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पोर्ट' लिहा, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहा, १९०० ला एसएमएस करा. उलट आठ अक्षरी कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. आपल्याच सर्कलमध्ये साधारण तीन कामाच्या दिवसांत बदल होतो. आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत, आणि १ जुलै २०२४ पासून असाही नियम आहे की हरवले-मोडले म्हणून सिम बदलले असेल तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. जुन्या पॅकचे उरलेले दिवस आणि बॅलन्स बुडतो, म्हणून पॅक संपत आला की मगच एसएमएस करा. तो कोड फोनवर कोणालाही सांगू नका, अगदी "कंपनीतून बोलतो" म्हणाला तरी. ज्याच्या हाती तुमचा नंबर, त्याच्या हाती तुमचे बँक खाते.

याच कारणासाठी बँकेला जोडलेला नंबर पैसे वाचवायला म्हणून मरू देऊ नका. घरात दोन-दोन सिम असतील तर एक बंद करा, पण बंद करण्याआधी बँक, आधार आणि पीएम किसानला कोणता जोडला आहे ते पाहा. आणि न मागता कॉलर ट्यून किंवा क्रिकेटचे मेसेज चालू होऊन बॅलन्स कटत असेल तर १५५२२३ या फुकट नंबरवर ते बंद करता येते.

आता जेवणाची सुट्टी आहे. मंडपाच्या मागे दोन टेबले मांडली आहेत, आमचे तरुण कार्यकर्ते कोरे कागद घेऊन बसले आहेत. ज्यांना आपल्या घरच्या फोनांचा हिशेब मांडायचा असेल त्यांनी जेवून तिकडे यावे. किती फोन, कोणता पॅक, किती दिवसांचा, एवढे सांगितले तरी पुरे. बायाबापड्यांनी संकोच करू नये, घरातला रिचार्ज कधी संपतो हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.