हाताखालचीं माणसें

हुद्दा वाढला कीं चिंता वाढते आणि मोठ्या अधिकाऱ्यालाच हृदयविकार गांठतो, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित घरांत रूढ आहे. ‘साहेबांच्या डोक्याला ताप फार’ असें कारकुनाची पत्नीहि सहानुभूतीनें म्हणते! लंडनमधील व्हाइटहॉलच्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ सालीं सुरू झालेल्या पाहणीनें या समजुतीला चांगलाच धक्का दिला. १७,००० हून अधिक पुरुष नोकर तींत तपासले गेले. निरोपे, द्वारपाल अशा तळच्या श्रेणींतील लोकांचें मृत्युमान सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारें तिप्पट भरलें. बरें, ही मंडळी खाणींत वा भट्टीपाशीं राबणारी नव्हती. नोकरी कायमची, पगार नियमित. तळच्या वर्गांत धूम्रपान अधिक होतें हें खरें. परंतु तेवढ्यानें हा फरक उलगडेना.

१९८५ सालीं प्रोफेसर मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखालीं दुसरी पाहणी सुरू झाली. या खेपेस १०,३०८ नोकर होते, व त्यांत स्त्रियाहि होत्या. आपलें काम कसें करावें हें ठरविण्याची मुभा ज्यांना थोडी, त्यांना हृदयविकार अधिक, असें दिसून आलें. वरिष्ठ अकारण दोष देतात काय, अडचण ऐकून घेतात काय, चांगल्या कामाची वाखाणणी करितात काय, असेहि प्रश्न नोकरांना विचारले होते. प्रश्न किती साधे! पण २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, आपणांस न्यायानें वागविलें जातें असें सांगणाऱ्या पुरुषांना या विकाराचा धोका इतरांपेक्षां सुमारें ३० टक्के कमी होता. एखाद्या औषधानें एवढा गुण दिला असता, तर त्याच्या जाहिराती गांवभर झळकल्या असत्या.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं कामानें येणाऱ्या या जळून जाण्याचीं तीन लक्षणें नमूद केलीं: शक्तिपात, कामाविषयीं तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून कांहीं नीट होत नाहीं ही भावना. संघटना याला रोग म्हणत नाहीं. नोकरींतील दीर्घकाळच्या, न आवरलेल्या ताणाचा हा परिणाम, असें ती मानते. म्हणजे नुसती रजा देऊन भागत नाहीं. रजेहून परतलेला नोकर त्याच टेबलाशीं, त्याच साहेबासमोर बसतो.

दुपारीं बारा वाजतां आलेला मसुदा साहेब दिवसभर तसाच ठेवतात, आणि सायंकाळीं कचेरी सुटण्याच्या बेतांत तांबड्या पेन्सिलीच्या रेघा ओढून परत पाठवितात. कारण सांगत नाहींत, सकाळीं मात्र तो टेबलावर हवा! तोच मसुदा दुपारीं एकला, दोन शब्द समजावून परत आला असता, तर काम तेवढेंच पडलें असतें. आणि कारकून जेवायला वेळेवर घरीं पोंचला असता.