अभयदान आणि भगिनींचा हिस्सा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नेसरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सव हे हिशेबाचे निमित्त असते. पन्नास वर्षांत समाजाने ट्रस्टच्या ओंजळीत काय टाकले आणि ती ओंजळ कुठे रिती झाली, हे पाहावयाचे असते. देणाऱ्यांची नावे फलकावर आहेतच. मी आज घेणाऱ्यांविषयी, त्यातही आपल्या भगिनींविषयी बोलणार आहे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण लहानपणापासून ऐकतो. अभयदान म्हटले की आपल्याला जीवदया आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु पती गेल्यावर, दुखवट्याचे पाहुणे परतल्यावर, उद्याची चूल कशी पेटणार या विचाराने जी स्त्री रात्रभर जागी राहते, तिच्या मनातले भय कोणी घालवावयाचे? तिला वर्षातून एकदा साडी आणि धान्य दिल्याने भूक पुढे ढकलली जाते, भय तसेच राहते.

मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांची कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. त्या काळी अशा मुलीला कोपऱ्यात बसविणे हाच रिवाज होता. शेठजींनी तिला शिकविले. पुढे मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला आणि विधवा व निराधार भगिनींना अक्षरओळखीबरोबर स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ दिले. सोलापूरच्या श्राविकाश्रमात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी हेच कार्य आयुष्यभर केले. तेथे शिकून शिक्षिका झालेल्या स्त्रीला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागत नसे.

दुसरे उदाहरण आपल्या समाजाबाहेरचे आहे. नेसरीकरांना सात या संख्येचे मोल मी सांगण्याची गरज नाही. 1674 मध्ये याच परिसरात सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार शत्रूवर तुटून पडले. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात गृहिणी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यासाठी जमल्या. भांडवल होते ऐंशी रुपये, तेही उसने. ते देणारे समाजसेवक छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी रकमेबरोबर एक शिस्तही दिली. मालाच्या दर्जात तडजोड करावयाची नाही आणि हिशेब चोख ठेवावयाचा. तोटा झाला तरी देणगी मागावयाची नाही, असे त्या भगिनींनी ठरविले. तो श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड आज चाळीस हजारांहून अधिक भगिनींचा आहे. भगिनींचा म्हणजे मालकीचा. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ऐंशी रुपये दान म्हणून दिले असते तर चार दिवसांत खर्च होऊन विसरले गेले असते, असे मला वाटते.

आपल्याकडेही हे करता येईल. आजरा-चंदगड भागात काजू सोलावयास जाणाऱ्या भगिनींची बोटे चिकाने काळी पडतात, आणि हाती पडते ती केवळ मजुरी. काजूची बी उन्हाळ्यात बाजारात येते. तेव्हा ज्याच्याकडे रोख रक्कम, त्याची बी. ट्रस्टने त्या दिवसांत चार-पाच भगिनींच्या गटाला बिनव्याजी रक्कम दिली आणि गर विकून ती परत घेतली, तर तीच रक्कम पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाला उपयोगी पडेल. रक्कम परत करणाऱ्या भगिनीची मान ताठ राहते, हा लाभ हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

आता थोडे अवघड बोलतो. आचार्य जिनसेनांचे आदिपुराण नवव्या शतकातले. त्यात गृहत्याग करणाऱ्या श्रावकाने संपत्तीचे तीन भाग करावेत असे सांगितले आहे: एक धर्मकार्यास, एक घरखर्चास आणि तिसरा मुलांत वाटण्यास. त्या वाटणीत मुलीही मुलांच्या बरोबरीने समान अंशास पात्र आहेत, असे आचार्य म्हणतात. हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे. 1956 मध्ये त्याने मुलीला वडिलांची वारस केले; 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्मतःच मुलाबरोबरीची हिस्सेदार झाली; वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. आचार्यांच्या वचनापासून कायद्यापर्यंत यावयास आपल्याला अकराशे वर्षे लागली. आणि कायदा होऊनही तलाठ्याच्या दप्तरात काय दिसते? हक्कसोडपत्रे.

त्यातले एक माझ्या घरचे आहे. आजोबा वारल्यावर माझ्या थोरल्या आत्याने कागदावर अंगठा उठविला. तिला साडीचोळी झाली, गोडधोडाचे जेवण झाले. पुढे ती विधवा झाली, पदरी एक मुलगी. माझे वडील मनाने वाईट नव्हते. दरवर्षी सुगी झाली की आमच्या घरून तिच्याकडे दोन पोती भात आणि एक ढेप गूळ जाई. पोती गाडीत चढविण्याचे काम माझ्याकडे असे, आणि आपण मोठे पुण्य करीत आहोत असे मला वाटे. आत्या पोती उतरवून घेताना प्रत्येक वेळी एकच विचारी, "औंदा वरच्या पट्टीत काय केलंय रं?" त्या प्रश्नाचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर कळला. ते भात तिच्याच वाट्याच्या जमिनीतले होते. आम्ही तिचेच तिला दान करीत होतो.

आत्या आता नाही. तिच्या मुलीच्या नावे वरच्या पट्टीतील एक एकराचे बक्षीसपत्र करावे, असे मी घरात मांडले आहे. जमीन सामाईक आहे, त्यामुळे सर्वांच्या सह्या लागतात. माझे चिरंजीव तयार आहेत. धाकटे बंधू अद्याप राजी नाहीत. आज ते या सभेत पुढच्या रांगेत बसले आहेत.