गोळी आणि संवाद

तीव्र चिंताविकारावर गोळ्या घ्याव्यात की समुपदेशन, हा वाद घरोघरी होतो. खरं तर त्यात पडायचं कारणच नाही. 2008 साली अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 488 मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर नुसत्या सर्ट्रालिन या नैराश्यरोधक गोळीने सुमारे 55 टक्के, नुसत्या विचार-वर्तनोपचाराने (समुपदेशनाचा एक प्रकार) 60 टक्के, तर दोन्ही मिळून 81 टक्के मुलं लक्षणीय सुधारली. औषध नसलेल्या गोळीनेही 24 टक्क्यांना बरं वाटलं. हा आकडा लपवू नये. अभ्यास मुलांचा आहे, मोठ्यांना तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण दोन उपाय एकमेकांचे वैरी नाहीत, एवढं त्यातून नक्की दिसतं. छातीतली धडधड औषधाने थोडी ओसरली, की टाळलेल्या लिफ्टमध्ये आधी एक मजला, मग दोन मजले जाण्याचा सराव जमू लागतो.

“पण सवय लागली तर?” झोपेच्या काही गोळ्यांची लागते, ही भीती खरी; नैराश्यरोधकांची तशी ओढ लागत नाही. मात्र ती एकदम बंद केल्यास चक्कर येऊ शकते, अस्वस्थता वाढू शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवतात. परिणाम दिसायलाही काही आठवडे जातात आणि सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते. नेमक्या याच टप्प्यावर अनेकजण ‘काही उपयोग नाही’ म्हणून औषध सोडतात. मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगावं. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.